पाऊण इंच

टाचणीमावशीचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्या नावाने कुणी हाक मारली असती तरी तिला ओ देता आली नसती. तोंडात टाचण्या असायच्या ना! सकाळी दुकान उघडलं की चष्मा नाकावर, टेप गळ्यात आणि सहा टाचण्या ओठांत. दुकान बंद होईपर्यंत त्यांचा मुक्काम तिथेच. मोजून सहा. पाच असल्या की तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, आणि सात झाल्या की शिंकेची धास्ती वाटायची. चहाच्या वेळी तेवढ्या त्या बाहेर निघायच्या, तेही चहा कढत असला तर. कोमट चहा ती टाचण्यांसकट प्यायची. हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून हयात आहेत.

आता तोंडात सहा टाचण्या धरून माणूस बोलणार कसा? पण मावशी बोलायची. दात न उघडता, ओठ न हलवता, थोडं नाकातून आणि थोडं गळ्यातून. आणि इतकं बोलायची की पॅंट आखूड करायला आलेला माणूस पडद्यामागे अर्धा अर्धा तास पॅंटीवाचून उभा राहायचा.

इथेच सगळी गंमत झाली. ती गल्ली बाहेरून आलेल्यांची. कुणी डोंगरापलीकडून, कुणी समुद्रापलीकडून, कुणी लढाईतून जीव वाचवून, कुणी भावाच्या पत्रावर भरवसा ठेवून. आलेला माणूस खोलीत पेटी टाकायचा आणि पहिल्यांदा शिंपिणीकडे यायचा, कारण त्याच्या कपड्यांचं आणि इथल्या हवेचं जमायचं नाही. इथली भाषा त्याला येत नसायची. ती त्याच्या कानावर पहिल्यांदा पडायची ती टाचण्यांमधून. बिचाऱ्याला काय कळणार? त्याला वाटायचं, इथले लोक असेच बोलतात, दात मिटून. तोही तसाच शिकायचा. त्याच्याकडून त्याची बायको, बायकोकडून शेजारीण. तीसएक वर्षांत अख्खी गल्ली दात मिटून बोलायला लागली. शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणी ओठ न हलवता भाजीवालीशी भांडताना दिसला, तर खुशाल समजावं की याची पहिली पॅंट मावशीने आखूड केलेली आहे.

मावशीला हे पटायचं नाही. "मी कुठे अशी बोलते?" असं ती अशीच बोलून विचारायची. आणि खापर फोडायचंच झालं तर ते जुन्या शिंपी मास्तरांवर फोडायला हवं. मावशी सतरा वर्षांची असताना बहिणीच्या मागोमाग या गल्लीत आली, आणि मास्तरांच्या दुकानात कामाला लागली. दुकान तेच, मशीन तेच. मास्तरांच्याही तोंडात टाचण्याच असायच्या. भाषा तिला त्यांनी शिकवली.

बाकीचे लोक गल्लीचा इतिहास कसा सांगतात कोण जाणे, मावशी तो कापडावरून सांगायची. ती आली तेव्हा गल्ली डोंगराकडच्यांची होती. खांदे हे एवढे, पाय हे एवढे. दोन वर्षं नुसत्या पॅंटी आखूड करण्यात गेली. मग त्यांना गिरण्यांत, रेल्वेत नोकऱ्या लागल्या, अंगावर मांस चढलं, आणि पुढची चार वर्षं शिवणी उसवून घेर वाढवण्यात गेली. "घेर वाढला की समजायचं, आता हे जाणार," मावशी म्हणायची. आणि जायचेच. बागवाल्या घरांत, मोठ्या रस्त्यांवर. त्यांच्या खोल्यांत बेटावरचे आले. पातळ कपडे, रंग असे की डोळे दिपावेत. त्यांच्या प्रत्येक कपड्याला अस्तर हवं. अस्तरं लावून लावून मावशीची बोटं झिजली. मग तेही जाडजूड झाले आणि गेले. मग लढाईतून आलेले. त्यांच्याकडे अंगावरचा एकच चांगला कपडा, तोही दुसऱ्याच्या मापाचा. समोरच्या गाळ्यात आधी बेकरी होती, मग रेडिओ दुरुस्तीवाला आला, मग फोनवाला, आणि आता तिथे कॉफीचं दुकान झालंय, जिथे खुर्च्या मुद्दाम मोडक्या ठेवतात आणि त्यावर बसायला लोक लांबून येतात. त्या लोकांच्या पॅंटी गुडघ्यावर फाटलेल्या असतात. मावशीने पहिल्यांदा एकाला हाक मारून रफू करून देते म्हटलं, तर तो रागावून गेला.

गल्लीतून सगळे गेले. मावशी राहिली. लग्न झालं नाही, म्हणजे तिने केलं नाही. का, ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

तिच्या मापाच्या वह्या होत्या, दहा. पण त्यांत एकाचंही नाव नव्हतं. असली जड जड नावं, बोलता येईनात तर लिहायची कुठून? म्हणून ती अंगावरून नाव ठेवायची. 'डावा खांदा खाली.' 'मान नाही.' 'हात लांब, गुडघ्यापर्यंत.' 'पोट वाढतंय, पुढच्या वेळी विचारावं.' आणि नुसतं लिहायची नाही, मोठ्याने सांगायची. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत. "उजवा कुल्हा वर आहे गं तुझा! लहानपणी भावंडं कडेवर घेऊन फिरलीस ना?" गिऱ्हाईक लाजून चूर. पण कपडा असा बसायचा की पुढच्या वेळी तेच गिऱ्हाईक मुकाट्याने परत यायचं.

येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला माप घेता घेता मावशी एक गोष्ट हटकून सांगायची. मास्तरांची चूक. "अहो, एवढे मोठे कारागीर! पण मी आले त्या दिवशी मला कामाला डगला शिवून दिला, आणि काय सांगू, उजवी बाही आखूड! पाऊण इंच! माणसाने आयुष्यात केलेली एकुलती एक चूक, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला!" मास्तर हयात असताना त्यांच्या तोंडावरही सांगायची. ते मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "झाली असेल. डोळे गेलेत माझे." आणि लगेच पुढे ती म्हणायची, "पण मला पाहताक्षणी ओळखलं त्यांनी. वहीत लिहून ठेवलंय, ही मुलगी दुकान सांभाळेल म्हणून." ते कुणी पाहिलं नव्हतं. मावशीनेही नाही. मास्तरांची वही ते गेल्यावर तिने कापडात गुंडाळून फळीवर ठेवली होती, आणि तिला हात लावायचा नाही असा दंडक होता.

आता त्या आखूड बाहीतली मेख अशी, आणि ही गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हती. मावशीचा उजवा हात खरंच पाऊण इंच आखूड होता. सात वर्षांची असताना मोडला, वाकडा जुळला, आणि मागे राहिला. आई म्हणायची, कुणाला कळू देऊ नकोस, काम मिळायचं नाही. म्हणून मास्तरांनी माप घेतलं तेव्हा पोरीने हात कोपरात वाकवून धरला, आणि ते फसले असं तिला वाटलं. मग डगला अंगात घातला, तर दोन्ही बाह्या मनगटावर बरोब्बर बसलेल्या! जन्मात पहिल्यांदा. म्हाताऱ्याची कातरी चुकली आणि आपलं नशीब फळफळलं, अशी तिची खात्रीच झाली. त्या दिवसापासून आजपर्यंत ती हात वाकवूनच ठेवायची. लोकांना वाटायचं, शिंपिणीची सवय.

तर असं सगळं सुखात चाललं होतं, आणि नोटीस आली.

पालिकेने गल्ली पाडून नवी बांधायचं ठरवलं होतं. खाली चकचकीत दुकानं, वर उंच घरं. जुन्या दुकानदारांपैकी ज्याने त्याच जागी सलग तीस वर्षं तोच धंदा केला असेल, त्याला नव्या इमारतीत गाळा मिळणार. बाकीच्यांनी दोन महिन्यांत जागा रिकामी करायची.

"मग काय, तीस सोड, एक्कावन्न झाली मला," मावशी म्हणाली.

"पण पुरावा?" भाचीने विचारलं. भाची म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी. लांबच्या वस्तीत राहायची, दर रविवारी यायची. "भाड्याचे कागद आहेत?"

"घर चार वेळा विकलं गेलं. जो तो मालक जाताना कागद घेऊन गेला."

"धंद्याचा परवाना?"

मावशीने परवाना काढून दिला. भाचीने वाचला आणि कपाळाला हात लावला. परवाना मास्तरांच्या नावावर होता. मास्तर जाऊन त्रेचाळीस वर्षं झाली होती.

"मावशी! नाव का बदललं नाहीस?"

"त्यासाठी अर्धा दिवस दुकान बंद ठेवायला लागलं असतं," मावशी म्हणाली. "दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी बदलू."

कागद नसतील तर तीन साक्षीदार चालतील, असं नोटिशीत लिहिलं होतं. तीस वर्षांमागे या गल्लीत राहणारे, आणि मावशीला तेव्हापासून ओळखणारे. भाचीने फोनवर फोन केले. अडचण कुठे येईल याचा तिला अंदाजच नव्हता. गल्लीत तीस वर्षं कुणी राहतच नव्हतं! राहायचं कशाला? चार पैसे गाठीला जमले की निघायचं, यासाठीच तर लोक तिथे यायचे. आणि जे गेले, त्यातल्या कित्येकांनी बागवाल्या घरांत गेल्यावर, आपण कधी त्या गल्लीत एका खोलीत सातजण राहत होतो, हे शेजाऱ्यांना सांगितलंच नव्हतं. आता पालिकेत जाऊन सही करून सांगायचं? एकाने तर "चुकीचा नंबर" म्हणून फोन ठेवला. बोलला मात्र दात मिटून.

"नाहीतर माझ्याकडे ये ना राहायला," भाची म्हणाली. "मागची खोली तुझीच आहे. खिडकी आहे तिला."

"खिडकीतून काय दिसतं?"

"भिंत," भाचीने कबूल केलं. चांगली होती पोरगी, खोटं बोलायची नाही.

मावशीने शिवण पुढे ओढली. पण त्या दिवशी तिने एका कोटाला आठ काजं केली, आणि बटणं होती सहा. भाचीने बटणं पुन्हा मोजली. मावशीचं दुकान गेलं तर मावशी त्या भिंतीकडे बघत किती दिवस काढेल, हे तिला दिसायला लागलं होतं.

शेवटी दोघं तयार झाले. एक बसचा ड्रायव्हर, आता निवृत्त. दुसरी बेकरीवाली, समोरच्या गाळ्यातली, जिची आता मोठ्या रस्त्यावर तीन दुकानं होती. तिसरा मिळेना.

"इस्त्रीवाले आहेत ना," भाची म्हणाली.

शेजारच्या खोपट्यातला इस्त्रीवाला म्हणजे गल्लीतला सगळ्यांत जुना माणूस, मावशीच्या खालोखाल. मावशीने शिवायचं, त्याने इस्त्री मारायची, आणि मग दोघांनी कॉलर नीट बसली की नाही यावरून तासभर भांडायचं. आणि सरळ तर इतका, की वैताग यावा.

"एकोणतीस वर्षं आठ महिने," तो म्हणाला.

"तीस म्हणा ना!"

"चार महिने कुठून आणू?"

"अहो, कोण मोजायला बसलंय!"

"मी बसलोय ना," इस्त्रीवाला म्हणाला, आणि इस्त्रीवर पाणी शिंपडून बोलणं संपवलं. मावशी आतून ओरडली, "राहू दे गं! त्या दगडाला घाम फुटायचा नाही!" पण सुनावणीच्या दिवशी तो दुकान बंद करून, कडक इस्त्रीचा सदरा घालून, सगळ्यांच्या आधी पालिकेच्या पायरीवर उभा होता.

अधिकारी तरुण होता, चष्मेवाला, समोर फायलींचा डोंगर. त्याने परवाना उलटसुलट करून पाहिला.

"बाई, कागदावरून तुमचं दुकान एकशे अठरा वर्षांचे एक गृहस्थ चालवतात. ते येऊ शकतील का?"

"बोलावून बघा," मावशी म्हणाली. "आले तर मलाही दोन शब्द बोलायचेत त्यांच्याशी."

अधिकाऱ्याने कान पुढे केला. "जरा तोंड उघडून बोलाल का?"

टाचण्या तर तिने दुकानातच ठेवल्या होत्या. पण एक्कावन्न वर्षांची सवय! मग ड्रायव्हर उठला आणि आपलं म्हणणं सांगायला लागला, दात मिटून. मग बेकरीवाली, तीही दात मिटून. अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवली. "तुमच्या गल्लीत सगळ्यांचीच दाढ दुखते का?"

दोघांचे कागद त्याने पाहिले. ड्रायव्हरचं नोकरीचं पहिलं पत्र होतं, चौतीस वर्षांपूर्वीचं. बेकरीवालीचा परवाना बत्तीस वर्षांपूर्वीचा. "ठीक. पण तुम्ही तेव्हा या बाईंचे गिऱ्हाईक होता, याला काय आधार?"

भाचीने पिशवीतून वह्या काढून टेबलावर रचल्या. आपलं नाव सापडेल म्हणून ड्रायव्हर उत्साहाने वाकला.

"नावं नाहीत," मावशी म्हणाली, आणि चौथी वही उघडून बोट ठेवलं. "हा बघा. नोकरी लागली तेव्हा पहिला कोट केला याने. 'डावा खांदा खाली, अर्धा इंच. उजवा कान पुढे.'"

"कान?" ड्रायव्हरने कानाला हात लावला.

"आणि ही बेकरीवाली. 'हात लांब, गुडघ्यापर्यंत.'"

"गुडघ्यापर्यंत? माझे?" बेकरीवाली ताडकन उभी राहिली, आणि तिने हात खाली सोडून पाहिले. बरेच खाली गेले. ती पुन्हा बसली.

अधिकारी म्हणाला, हे कशावरून यांचंच? तर मावशीने गळ्यातला टेप काढला, आणि पालिकेच्या त्या कचेरीत, मागच्या बाकावरचे लोक माना उंचावून बघत असताना, दोघांची मापं घेतली. कंबर कुठे जुळते! ड्रायव्हरची कंबर वहीत तीस होती, आता त्रेचाळीस. पण मावशी म्हणाली, "कंबर सोडा हो, कंबर काय, आज आहे उद्या नाही. हाड बघा. हाड हलत नाही." मनगटं जुळली. हाताची लांबी जुळली. डावा खांदा बरोब्बर अर्धा इंच खाली निघाला. अधिकाऱ्याने स्वतः टेपवर डोळा लावून पाहिलं, आणि दोन नावांपुढे खूण केली.

"तिसरा साक्षीदार?"

इस्त्रीवाला उभा राहिला. भाची त्याच्याकडे नुसती बघत राहिली, डोळ्यांनी हात जोडून. तो दोनदा खाकरला. मग म्हणाला, "एकोणतीस वर्षं आठ महिने." आणि खाली बसला. त्याचा चेहरा असा झाला होता, की मावशीलाच त्याची दया आली.

"मग अवघड आहे, बाई," अधिकारी म्हणाला. वाईट नव्हता माणूस. वेळ काढायला म्हणून त्याने वह्या मोजल्या. "दहा म्हणालात ना? या तर अकरा आहेत."

भाचीने फळीवरचं सगळं सरसकट पिशवीत कोंबलं होतं. अकरावी होती कापडात गुंडाळलेली.

"ती ठेवा खाली!" मावशी एकदम म्हणाली. पण त्याने कापड सोडलं होतं. मास्तरांचं अक्षर, बारीक, मण्यासारखं. आणि मास्तर नेटके, प्रत्येक पानावर तारीख. अधिकारी पानं उलटत गेला आणि थांबला.

"एक्कावन्न वर्षांपूर्वीची तारीख आहे. 'नवी मुलगी. कामाचा डगला.' हे तुमच्याविषयी?"

मावशी सावरून बसली. आता सगळ्यांना कळणार होतं. "वाचा," ती म्हणाली. "मोठ्याने वाचा."

त्याने वाचलं. "'टाके सरळ, तोंड फार. आठ दिवस टिकली तर बघू.'"

कचेरी हसली. ड्रायव्हर हसला, बेकरीवाली तर पदराने डोळे पुसायला लागली. मावशी लालबुंद झाली. "मेल्या माणसा!" ती म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाली, सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं. "आठ दिवस? आठ?"

अधिकारी पुढे वाचत होता, आता जरा हळू. "'डावी बाही साडेएकवीस. उजवी पावणेएकवीस. हात वाकवून लपवते. बोलायचं नाही.'"

मग कुणी हसलं नाही. मावशीने मनात वजाबाकी केली. पाऊण इंच. कातरी चुकली नव्हती. म्हाताऱ्याने त्या पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, आणि मोजून, मापून, ठरवून एक बाही आखूड कापली होती. आणि पुढे आठ वर्षं, मरेपर्यंत, ही पोरगी येणाऱ्याजाणाऱ्याला आपली चूक रंगवून सांगतेय, हे ऐकत मशीन चालवलं होतं. झाली असेल. डोळे गेलेत माझे.

"बाई," अधिकारी म्हणाला, "तारीख आहे, दुकान तेच आहे. ही मुलगी तुम्हीच, एवढं सिद्ध झालं तर मला तिसरा साक्षीदार नको. पण त्यासाठी…" त्याने टेपकडे पाहिलं.

मावशीचा हात कोपरात वाकलेला होता. सात वर्षांची असल्यापासून वाकलेला. समोर ड्रायव्हर, बेकरीवाली, मागच्या बाकावरचे अनोळखी लोक. ज्या बाईने गल्लीतल्या एकूण एक माणसाचं व्यंग चारचौघांत ओरडून सांगितलं, तिच्याच हाताकडे सगळे बघत होते. भाचीला वाटलं, आता ही उठून जाणार. भिंत तर भिंत.

मावशीने हात सरळ केला.

"घ्या माप," ती म्हणाली. "पण इस्त्रीवाल्यांनाच घेऊ द्या. पाव इंचही इकडचा तिकडे करायचा नाही तो माणूस."

इस्त्रीवाल्याने टेप घेतला. ताठ धरला. "डावी साडेएकवीस," तो म्हणाला. मग उजवीकडे आला, दोनदा लावून पाहिला, आणि हळूच म्हणाला, "पावणेएकवीस." आणि टेप तिच्या गळ्यात परत घालताना म्हणाला, "एकोणतीस वर्षं आठ महिने शेजारी आहे मी. कळलं नाही हो मला."

"कळू दिलं नाही," मावशी म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. कचेरीत, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन. "एकदा तरी सांगायचं होतं की हो मास्तर! एकदा तरी!"

गाळा मिळाला. आधीच्या निम्मा, पण काच मोठी. मशीन तेच, फळी तीच, टाचण्या सहा. इस्त्रीवाल्यालाही बाजूला कोपरा मिळाला, कारण इमारत बांधून होईपर्यंत त्याचे ते चार महिने भरून वर आणखी चौदा झाले, आणि याचा त्याला भयंकर अभिमान होता.

आणि गल्लीत पुन्हा नवे लोक आले होते. मागच्या बाजूच्या, अजून न पाडलेल्या घरांत. कुठून आले होते, त्या जागेचं नाव मावशीला अजून नीट घेता येत नव्हतं. त्यांच्यातला एकजण दुपारी दुकानात आला. हॉटेलात दारवानाची नोकरी लागली होती, गणवेशाची पॅंट लांब होत होती. आरशापुढे उभा राहिला तर सगळा भार एका पायावर, दुसरा गुडघा किंचित वाकवलेला, जणू आरामात उभा आहे. दुकानात इस्त्रीवाला होता, कॉफीचे प्याले घेऊन आलेली दोघं होती. मावशी खाली वाकली, टेप लावला, पुन्हा लावला. मग वर पाहिलं. तो आरशात सरळ समोर बघत होता, आणि त्याच्या मानेवर घाम आला होता.

मावशीने तोंड उघडायला घेतलं. इस्त्रीवाल्याने कान टवकारले, आता ओरडणार. पण ती काही बोलली नाही. टाचण्या होत्या ना तोंडात.

दुसऱ्या दिवशी दारवान गणवेश घालून आरशापुढे उभा राहिला. दोन्ही पाय सरळ. त्याने खाली पाहिलं, आरशात पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. मग मावशीकडे बघून हसला, आणि ताठ मानेने बाहेर पडला.

इस्त्रीवाला धावतच आत आला. "अहो बाई! काय केलंत! इस्त्री मारताना बघितलं मी, डावा पाय अर्धा इंच आखूड शिवलाय तुम्ही!"

मावशी वहीत लिहीत होती. आता ती तारीख घालायची. तारखेखाली तिने दोन मापं लिहिली, आणि त्याखाली मास्तरांचेच दोन शब्द. मग वही मिटली.

"झाली असेल चूक," ती टाचण्यांमधून म्हणाली. "डोळे गेलेत माझे."

इस्त्रीवाल्याला इतका आनंद झाला, की तो संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगत फिरला. मावशीने त्याला फिरू दिलं.